एकाच घरचं इंजिन

भेस्तानच्या गॅरेजात मला छगनमामांनीच चिकटवलं. मामा म्हणजे माझे सासरे. शेठनं विचारलं, माणूस कसा आहे? मामा म्हणाले, "घरनो छे." आपल्या घरचा आहे, एवढ्यावर नोकरी लागली. तीस वर्षं इंजिनं खोलणाऱ्याचा शब्द होता तो. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून मामा दुखणं सांगत.

गेल्या महिन्यात धम्मपालची टर्बो गाडी आली. तो हजिऱ्याच्या कंपनीतल्या माणसांची ने-आण करतो. गाडी थांबली की त्याचं सगळंच थांबतं. ब्लॉक तडकला होता, नवा यायला महिना लागणार होता. मामांनी भंगारातून त्याच कंपनीच्या साध्या, बिनटर्बोच्या इंजिनाचा ब्लॉक शोधून आणला. चार सिलिंडर, तेच माप, तेच बोल्ट.

"एकच घरनं से, पाव्हना. बसी जाई."

बसलाही. पण तडकलेल्या ब्लॉकमध्ये प्रत्येक पिस्टनखाली तेल उडवणारी बारीक नळी होती. टर्बो जास्त हवा कोंबतो, आत आग जास्त, म्हणून पिस्टन खालून सतत थंड ठेवावा लागतो. भंगारातल्या ब्लॉकला नळ्याच नव्हत्या. मी हळूच म्हटलं, "मामा, नळ्या?" ते हसले. चारचौघांत सासऱ्याला काय शिकवायचं, म्हणून मी गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, नोकरीचीच भीती वाटली.

नवव्या दिवशी हजिऱ्याच्या रस्त्यावर पिस्टनला भोक पडलं. गाडी टोचन करून आली. धम्मपाल नुसता बोनेटपाशी उभा राहिला. मला ते बघवलं नाही.

शेठनं इंजिन खोलायला लावलं. नळ्या नाहीत हे त्यालाही दिसलं. तो माझ्याकडे वळला. "तने खबर हती?"

मला माहीत होतं का? मी म्हणालो, नाही.

मामांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग शेठला म्हणाले, "एने कंई खबर नथी. में फिट कर्युं." शेठनं त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

मामांनी हात धुतले, डबा उचलला. स्क्रूड्रायव्हर राहिला म्हणून मी तो घेऊन दारापर्यंत धावलो.

"ऱ्हाऊ द्या, पाव्हना. घरमाच से."

संध्याकाळी ताट वाढताना जयश्री रडत होती. बाबांच्या हातून अशी चूक होईलच कशी, हेच तिला कळेना.

"तुम्ही तठेच व्हतात ना? तुम्हले काही दिसनं नही का?"

नाही, मी पुन्हा म्हणालो.