धुतलेली म्हैस

आमच्या मामंजींइतका स्वच्छ माणूस मी पाहिला नाही, आणि खरं सांगायचं तर पाहायची हौसही नाही. उजाडायच्या आत ते गोठ्यात शिरतात. शेण उचलून फरशी खसाखसा घासतात, मग दोन्ही म्हशींना शेपटीच्या गोंड्यापर्यंत अंघोळ. मी धार काढायला जाते तेव्हा चप्पल बाहेर काढावी की काय असं वाटतं.

थोरली म्हैस दुधावर होती. प्रश्न धाकटीचा होता. तिची आई ती तीन दिवसांची असतानाच गेली, आणि मी तिला बाटलीने पाजून वाढवली. घरात सगळे तिला 'तुझी लेक' म्हणतात; दावं तोडून पळाली की तर हमखास. चार वर्षांची झाली तरी ती माजावर येईना. ओरडणं नाही, बिथरणं नाही, वैरणीवर मात्र आडवा हात.

"वांझ आहे," मामंजींनी निकाल दिला. "रोज माझ्या हाताने धुतो मी तिला. मला कळलं नसतं?"

शनिवारी व्यापारी येणार असं ठरलं. पुढे तो तिला कुठे नेणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

शुक्रवारी पहाटे मामंजींच्या कमरेत उसण भरली. कूसही वळता येईना, पण तोंड सुरू होतं.

"सूनबाई, गोठा! आधी गोठा धू!"

"धुते हो. गोठा काही पळून जात नाही."

मी गेले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. धाकटी नुकतीच उठून उभी राहिली होती. ती बसली होती तिथे फरशीवर ओला डाग होता, आणि शेपटीखाली काचेसारखी स्वच्छ, चिकट तार लोंबत होती. मी बघतच राहिले. माझी लेक माजावर येत होती, फक्त गाजावाजा न करता. एवढीच काय ती खूण, आणि मामंजी दर वेळी अंधारात, अगदी मन लावून, ती बादलीभर पाण्याने धुऊन टाकत होते. मला हसू आलं आणि रागही इतका आला की मी बादलीला लाथ घातली.

संध्याकाळी जनावरांचे डॉक्टर येऊन कृत्रिम रेतनाने तिला भरवून गेले. दोन महिन्यांनी तपासू म्हणाले. मी मामंजींना सगळं सांगितलं. त्या रात्री ते जेवलेही नाहीत.

शनिवारी व्यापारी दारात आला तेव्हा ते भिंत धरत धरत स्वतः बाहेर गेले.

"म्हैस विकायची नाही."

"अहो, वांझ आहे म्हणाला होतात ना?"

"चूक माझी होती," मामंजी म्हणाले. लग्न होऊन अकरा वर्षं झाली मला. हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. मला रडू आलं.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी तपासलं. धाकटी गाभण होती.

मामंजी अजूनही उजाडायच्या आत उठतात. पण आता गोठ्याच्या दारात पालथ्या बादलीवर बसून राहतात, खराटा मांडीवर घेऊन, मी येईपर्यंत.

"बघून घे आधी. मग धुतो."

"मामंजी, ती गाभण आहे. आता काय बघायचं?"

"थोरलीचं बघ," ते म्हणतात. "माझ्या नजरेचं काही खरं नाही."