कानावर पडलेलं वाक्य

खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या फळीवर लावता लावता श्रीनिवासराव एकदम थांबले. अर्ध्या तासापूर्वी कानावर पडलेलं एक वाक्य त्यांना आत्ता ऐकू आलं.

"मागं असल्याच एका औषधानं पोरीच्या अंगावर गांधी उठल्या होत्या हो. ओठसुद्धा सुजले होते."

बोलणाऱ्या बाई पासष्टीच्या असतील. चार वर्षांच्या नातीचा कान वाहत होता, तापही होता, म्हणून जवळच्या एका नव्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन त्या आल्या होत्या. नेमके तेव्हा श्रीनिवासराव दुसऱ्या गिऱ्हाइकाला फैलावर घेत होते. तो चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागत होता आणि त्याला पुरतं गप्प केल्याशिवाय श्रीनिवासरावांना चैन पडणार नव्हतं. बाईंना त्यांनी नुसतं 'हं' म्हटलं. बाटलीतल्या भुकटीत पाणी घालून ती हलवली, दिवसातून तीनदा द्या, बरं वाटलं तरी मधेच सोडू नका, असं नेहमीच्या सुरात सांगितलं आणि बाटली पिशवीत घालून दिली.

औषध पेनिसिलिनच्या कुळातलं होतं. ज्या मुलाचे त्यानं एकदा ओठ सुजलेत, त्याला ते पुन्हा दिलं तर घसा आवळून श्वास कोंडू शकतो. कसबा पेठेतल्या त्या दुकानात श्रीनिवासराव एकतीस वर्षं उभे होते. त्यांना हे नव्यानं कुणी सांगायला नको होतं.

बिलावर फक्त 'स्वराली' एवढंच नाव होतं. फोन नंबर नव्हता. डॉक्टरांचा दवाखाना दुपारचा बंद, फोन नुसता वाजत राहिला. श्रीनिवासरावांनी शटर खाली ओढलं आणि तसेच रस्त्यावर आले.

बाई जाता जाता लिफ्टबद्दल कुरकुरल्या होत्या, चार दिवस बंद आहे, चार मजले चढायचेत म्हणून. तेवढ्या धाग्यावर ते गल्ल्यांतून फिरू लागले. बंद लिफ्टची इमारत कुठली, स्वराली नावाची मुलगी कुठं राहते, भेटेल त्याला विचारत सुटले. एरवी प्रश्न विचारणाऱ्याला तिरकस उत्तर देणारा हा माणूस आज हात जोडून विचारतोय, याचं लोकांना नवल वाटत होतं. शेवटी एका तांब्याच्या भांड्यांच्या दुकानदारानं समोरच्या इमारतीकडे बोट दाखवलं.

चार मजले ते कसे चढले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. दार त्याच बाईंनी उघडलं.

"औषध दिलं का?"

"दिलं की. दहा मिनिटं झाली. का हो?"

आत पलंगावर मुलगी मान खाजवत बसली होती. गळ्यावर लाल चट्टे आले होते, वरचा ओठ जाड दिसत होता. ती खोकली. त्या खोकल्याचा आवाज श्रीनिवासरावांनी ओळखला. चपला पायात अडकवा आणि चला, एवढंच ते म्हणाले आणि मुलीला उचलून जिना उतरू लागले.

रिक्षात ते तिच्याशी सारखं बोलत राहिले. शाळेचं नाव विचारलं, ते तिनं सांगितलं. वर्गावरच्या बाईंचं नाव विचारलं, तेही सांगितलं. मैत्रिणीचं नाव विचारलं तेव्हा ती नुसतं बघत राहिली. तिच्या छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. सिग्नलला रिक्षा थांबली. श्रीनिवासराव त्या आवाजाकडे कान लावून बसले. आवाज भयंकर होता, पण तो थांबला तर काय, याची त्यांना जास्त भीती वाटत होती.

लहान मुलांच्या त्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी एक नजर टाकली, दोन प्रश्न विचारले आणि मुलीच्या मांडीत इंजेक्शन दिलं. तोंडावर ऑक्सिजन लावला. पंधरा मिनिटांनी मुलगी मोठ्यानं रडायला लागली. आता रडू दे तिला, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजची रात्र इथंच ठेवू, आणि कानासाठी दुसऱ्या जातीचं औषध देऊ.

बाहेरच्या बाकावर सुशीलाबाई, म्हणजे मुलीची आजी, पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. सून हेमा हिंजवडीहून निघाली होती. मुलगा परगावी होता.

"हेमानं मला दहादा बजावलं होतं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना सांगायचं विसरलेच मी. कुणाला म्हणून बोलले नाही. माझ्या हातानं पाजलं हो."

श्रीनिवासरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. आपण दुकानात काय बोललो ते बाईंच्या ध्यानातच नव्हतं. ते वाक्य आता जगात एकट्या श्रीनिवासरावांना ठाऊक होतं.

तेवढ्यात दुकानाचा मालक रविराज याचा फोन आला. सगळं ऐकून तो म्हणाला, "काका, चिठ्ठी डॉक्टरांची आहे. आपण फक्त औषध दिलं. तुम्ही काही बोलू नका." त्यात खोटं काही नव्हतं. श्रीनिवासरावांना निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. दुकानाच्या भिंतीवरचा परवाना त्यांच्याच नावाचा होता. सून येईल, उपकार झाले म्हणेल, आपण घरी जाऊ. त्यांनी हा विचार पुरता करून पाहिला.

हेमा सहाला पोचली. आधी आत जाऊन मुलीला पाहून आली आणि मग सासूसमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही तिनं.

"आई, तुम्ही सांगितलं कसं नाहीत?"

सुशीलाबाईंची मान खाली गेली.

"त्यांनी सांगितलं होतं," श्रीनिवासराव म्हणाले. "मला. औषध मी दिलं. त्या दुकानात माझ्यासमोर उभं राहून बोलल्या आणि माझं लक्ष नव्हतं."

हेमा त्यांच्याकडे वळली. दुपारपासून ज्या माणसाबद्दल फोनवर ऐकलं होतं तो हाच, हे समजायला तिला थोडा वेळ लागला.

"ऐकू आलं होतं तुम्हाला?"

"आलं होतं."

तिनं मान वळवून मुलीच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. भांडली असती तर श्रीनिवासरावांना सोपं गेलं असतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, नर्सकडून कागद मागून घेतला आणि बाकावर टेकून मुलीला कधीही द्यायची नाहीत त्या औषधांची नावं लिहिली. अक्षर वेडंवाकडं आलं म्हणून त्यांनी कागद उलटा केला आणि चष्म्याशिवाय वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत तीच नावं पुन्हा लिहिली.

हेमानं कागद घेऊन वाचला. एका नावावर बोट ठेवून, हे सुईतूनही नाही का, म्हणून विचारलं. नाही, कशातूनच नाही, ते म्हणाले. तिनं कागदाची घडी घातली. क्षणभर ती आपल्या पर्सकडे वळली, मग थांबली आणि तो सुशीलाबाईंच्या हातात दिला.

"तुमच्याकडे असू दे, आई. दुपारी ती तुमच्याजवळच असते."

श्रीनिवासराव उठून उभे राहिले. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.