गोठवलंत तुम्ही, आणि स्थिर मी?

मी एक रेणू बोलतोय, आणि आज जरा तावातावानंच बोलणार आहे. गरीब गाय समजून बसलेत सगळे मला!

आधी ओळख सांगतो. माझ्या मधोमध लोखंडाचा एक अणू. त्याच्या वर कार्बनची एक चकती, खाली तशीच दुसरी. एवढाच माझा संसार. माझ्यासारख्यांना धातूचं संयुग म्हणतात. एका प्रयोगशाळेत काचेच्या चंबूत माझा जन्म झाला, आणि जग धड बघायच्या आत मला दुसऱ्या एका रेणूच्या पोटात कोंडलं. हा दुसरा साखरेचा बनलेला, बिनबुडाच्या बादलीसारखा. शास्त्रज्ञ त्याला यजमान म्हणतात आणि मला पाहुणा. पाहुणा कसला डोंबलाचा, कैदी!

पण खोटं कशाला बोलू, आत जागा होती. खोलीतल्या साध्या उबेतही मी गरगर फिरायचो, कोलांट्या मारायचो. माझे असंख्य भाऊबंद आपापल्या बादलीत हेच करत होते. सगळे मिळून आम्ही म्हणजे चिमूटभर पिवळी पूड.

मला बनवणारी बाई इथे संशोधन करते. सगळे तिला खटपटी म्हणतात. मला बोटाच्या पेराएवढ्या नळीत भरताना ती पुटपुटायची, "नीट बस रे बाबा, माझी पदवी तुझ्यावर आहे."

तिचे सर म्हणजे मोठं प्रस्थ. त्यांची एक रीत होती. रेणू हलतो की नाही ते दाखवणाऱ्या चुंबकाच्या यंत्रात कुठलाही नमुना घालायचा तो अगदी गार करूनच. "थंडीत सिग्नल ठसठशीत येतो," म्हणायचे. त्यांच्या सरांनी त्यांना तसं शिकवलेलं, म्हणून प्रयोगशाळेत सगळेच तसं करत. यंत्रात नळी गेली की द्रव नायट्रोजनचा गारठा अंगावर यायचा आणि मी जागच्या जागी लाकूड व्हायचो. पडद्यावर एक पसरट टेकाड उमटायचं.

ते टेकाड बघून सर खूश! "बघ, पाहुणा आत स्थिर आहे. हलतच नाही."

अरे वा रे वा! आधी हातपाय बांधायचे, आणि वर जगाला सांगायचं, बघा कसा गप्प बसलाय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गोठलेला मी, चडफडणार तरी कसा?

मग एकदा गारव्याचा नायट्रोजन संपला. खटपटी चहाला गेली होती. यंत्र आपोआप कोमट झालं आणि मी सुटलो. ती परत आली तर टेकाडाच्या जागी उंच, बारीक सुळका! फिरणाऱ्या रेणूचीच ही खूण. तिनं नळी पुन्हा भरून पाहिली. गार केलं की टेकाड, ऊब दिली की सुळका. मला मुठीत घेऊन ती धावतच सरांकडे गेली.

"सर, तो फिरतोय."

"पाहुणा हलत नाही असा आपला लेख गेलाय ना छापायला? मग फिरत नाही."

"पण सर, चूक आहे ते."

"तुझंही नाव आहे त्यावर."

"म्हणूनच सांगतेय, सर."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझ्या पदवीच्या परीक्षेच्या दिवशी यंत्र गारच चालवायचं आणि गप्प राहायचं. नाहीतर पदवी विसर."

त्या संध्याकाळी ती फोनवर आईशी बोलत होती, मी तिच्या मुठीत होतो.

"अगं, हो म्हणून टाक ना," आई म्हणाली. "पदवी पडू दे पदरात, मग भांड काय ते."

"मग कुठल्या तोंडानं भांडू, आई?"

मूठ एवढी घट्ट झाली की मला वाटलं, आता नळीच फुटते!

आज परीक्षा झाली. बाहेरून एक परीक्षक बाई आल्या होत्या. मी यंत्रात, गारठून दगड. पडद्यावर टेकाड. सर पंधरा मिनिटं एकटेच बोलले. बाईंनी खटपटीकडे पाहिलं. "असंच ना?"

बोल ना गं, बोल! मला ओरडता येत असतं तर छप्पर उडवलं असतं.

ती उठली आणि तिनं गारवा बंद केला.

"अगं, काय करतेस?" सर दचकले.

"त्याला ऊब देतेय, सर. मग तुम्हीच बघा."

हळूहळू अंग सैल झालं. आधी चकत्या सुटल्या, मग मी अख्खा! पडद्यावरचं टेकाड आक्रसत गेलं आणि सुळका उभा राहिला.

"यंत्र बिघडलंय," म्हणत सर बटणाकडे झेपावले.

"हात मागे घ्या," परीक्षक बाई म्हणाल्या. "मला बघू दे."

आता सर आणि परीक्षक बाई आत दार लावून बसलेत. खटपटी मला खिशात घेऊन बाहेर बाकावर नखं कुरतडतेय. पदवी मिळेल की जाईल, तिला ठाऊक नाही, मलाही नाही. आतून सरांचं बोलणं ऐकू येतंय, माझ्याचबद्दल चाललंय. बोला, किती बोलायचं ते बोला! हवं तर पुन्हा गोठवा मला. पण यापुढे माझ्याबद्दल तोंड उघडाल, तर आधी तिला विचारा.