खाडीत न गेलेली कुबडी

मित्रांनो, मी रेवसची एक जुनी कुबडी आहे. म्हातारी म्हणा, चालेल. बिचारी म्हणाल तर खपवून घेणार नाही.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबईतल्या एका इस्पितळात मला सागवानातून घडवलं. डोलकाठी पडून पाय गमावलेल्या तुळशीरामाबरोबर मी बोटीने इथे आले. त्या धिप्पाड कोळ्याचा भार मी नऊ वर्षं पेलला. बायकोपेक्षा हीच गुणी, असं तो म्हणायचा आणि नीराबाई हसायची.

तो वारला. मेलेल्याच्या वापरातल्या वस्तू खाडीत सोडायची त्यांच्या भावकीत रीत होती. माणसं मला न्यायला आली, तर नीराबाई दारात आडवी उभी राहिली.

"माझा नवरा मेला, लाकूड न्हाय मेलं," ती म्हणाली.

तिच्या डोळ्यांपुढे शेजारची सोनूबाई होती. मासळी वाळवताना माचावरून पडून तिचा पाय कायमचा अधू झाला होता. चार महिने तिने उंबरा ओलांडला नव्हता. घरात बसून राहणं त्या बाईला मरणाहून वाईट वाटे.

नीराबाईने मला तिच्यासाठी ठेवून घेतलं. होड्या दुरुस्त करणाऱ्या हरेश्वर सुताराने मला वरून खालपर्यंत डांबर फासलं, होडीला फासतात तसं. झाली नवी, म्हणाला. नवी कसली? माझ्या तळाजवळची चीर डांबराखाली दडली होती. मला घरी आणलेलं पाहताच सोनूबाई तर लगेच उठायला निघाली. मी संतापले. एकदा पडलेल्या बाईला मी पुन्हा पाडू?

आधी मी रेलून बघते, असं म्हणून नीराबाईने सगळा भार टाकला. होतं नव्हतं तेवढं बळ काढून मी कर्रकन ओरडले. हरेश्वर कुरकुरत डांबर खरवडू लागला. चीर दिसली तसा त्याचा चेहरा उतरला.

"हरेश्वरभाऊ, होडी बुडली तर तू पोहशील," सोनूबाई म्हणाली. "मी पडले तर काय करू?"

त्याने चिरेच्या वरून करवत चालवून माझा तळ कापून टाकला. सोनूबाई ठेंगणी, तेव्हा तिच्या उंचीला मी नेमकी बसले. मला कढत पाण्याने घासलं, काखेखाली नवी गादी शिवली, तळाला टायरचं रबर ठोकलं. तीन दिवस आळीतले दांडगे गडी माझ्यावर रेलून पाहत होते. चौथ्या दिवशी सोनूबाई बंदरावर निघाली. भावकीने तोंडं फिरवली. ती मुद्दाम त्यांच्या पुढूनच गेली.

मित्रांनो, आम्हाला फेकू नका. पण डोळे झाकून दुसऱ्याच्या हातीही देऊ नका. आधी तपासा, मापाला बसवा, स्वतःचा भार टाकून पाहा. आणि आम्ही ओरडलो, तर वरून रंग फासून आमचं तोंड बंद करू नका.

चला, सोनूबाई उठली. तिला सुकट वाळवायला जायचंय, आणि माझ्या भरवशावर ती अजून एकदाही पडलेली नाही.