कुमुदमावशीची शिखरं

कुमुदमावशी बोलताना तुमच्याकडे बघत नाही. तुमच्या कानामागच्या रिकाम्या जागेकडे बघते, आणि तेही इतक्या जिव्हाळ्यानं, की शॉमबर्ग या अमेरिकन उपनगरातल्या तिच्या उबदार दिवाणखान्यात चहाचा कप हातात असताना आपल्या मागे कोणी उभं आहे अशी खात्री पटते. पहिल्यांदा मी चक्क वळून पाहिलं. मावशी खूश झाली. तिच्या दृष्टीच्या ऐन मध्यावर एक पांढरा डाग पसरत चालला आहे. माणूस बघायचा तर त्याला डागाच्या कडेला आणावं लागतं. "तुझं नाक तेवढं वर आलंय," ती मला म्हणाली, "बाकी सगळा बर्फाखाली आहेस. असाच छान दिसतोस."

नागपूरच्या उन्हात वाढलेल्या या बाईनं उमेदीची वर्षं दक्षिण ध्रुवाकडच्या हिमचादरीवर दगड अभ्यासण्यात घालवली. तिथे अथांग पांढऱ्यातून एखादंच काळं शिखर डोकं काढून उभं असतं. नुनाटक म्हणतात त्याला. आपल्याला दिसतो तो टेकडीएवढा सुळका. खाली, कुणीही न पाहिलेल्या दऱ्यांसकट, अख्खी पर्वतरांग अंधारात बुडालेली. वारा सुळक्याभोवतीचा बर्फ कोरून खोल खंदक करतो. समुद्रापासून इतक्या दूर, जिथे गवताचं पातं नाही, तिथे दगडांच्या फटींत पांढरे पक्षी घरटी करतात, आणि धुक्यात शिखर दिसण्याआधी त्यांचा कलकलाट ऐकू येतो, जणू निर्जनात कुणाचं लग्न लागतंय. मावशीभोवतीही तसाच खंदक आहे. लोक दोन पावलं अलीकडे थांबतात.

गेल्या हिवाळ्यात तिची मुलगी सई सांता क्लाराहून आली ती आईला कायमचं न्यायला. मीही तेव्हा तिथेच होतो. मावशीला घर सोडायचं नव्हतं. मागच्या दारापासून फाटकापर्यंत तिनं बांबूच्या काठ्या रोवल्या होत्या, प्रत्येकीला लाल झेंडा. ध्रुवावर तंबूपासून अशीच वाट आखतात; वादळात एका झेंड्यावरून दुसऱ्यावर जात परतता येतं.

"आई, शेजारी विचारतायत, गोल्फ कोर्स ओपन केलंय का."

"सांग त्यांना, मेंबरशिप फुल आहे."

दुपारी हिमवादळ सुरू झालं तशी मावशी उठली. "फाटकाला हात लावून एकटी परत आले तर मी इथेच राहणार. कबूल?" सईनं तिच्या कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

चार पावलांत मावशी पुसली गेली. कुंपण गेलं, झाड गेलं. अंगणातल्या शेगडीचं झाकण काही वेळ वर होतं, तेही बुडालं. उरली कापडाची फडफड, कधी डावीकडून, कधी खिडकीशी, कधी छपरावरून, जिथे एकही झेंडा नव्हता. मग बाहेर कुणीतरी बोलत असल्यासारखं वाटलं, आणि बोलणारं एकच माणूस नव्हतं. भुताच्या गोष्टी चवीनं सांगणाऱ्या मी सईचा हात धरला, आणि तिनं तो झटकला नाही.

दारात मावशी उभी राहिली. पांढऱ्या चेहऱ्यातून नाक आणि हनुवटी वर आलेली, काखेत झेंड्यांच्या काठ्यांची मोळी.

"जिंकलीस," सई म्हणाली. "पण हे उपटून का आणलंस?"

"शेवटच्या फेरीला वाट काढून आणायची असते. मागे काही ठेवत नाही आम्ही." मावशी लेकीच्या कानामागे बघत होती. "फाटकाला हात लागला गं. पण वळले तर घर कुठल्या बाजूला, तेच आठवेना. झेंड्यांना माहीत होतं, मला नाही. माझी बॅग वरच्या कपाटात आहे."

त्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. मावशीचा सांता क्लाराहून फोन येतो. आवाज तोच, खट्याळ, फक्त दोन वाक्यांमधली शांतता लांबत चालली आहे, आणि त्या शांततेत मी ऐकत राहतो. वर्षं तिच्यावर साचत जातील आणि मला ठाऊक आहे तेवढंच टोक वर उरेल. त्याच्याखाली केवढी मावशी होती, हे मोजायला तिथवर कोण उतरणार?