मडक्याच्या गळ्यातला दोरा

शिवणवालीच्या आईला बियाणं मागणाऱ्याला नाही म्हणताच यायचं नाही. परसातला काळा घेवडा म्हणजे तिचा जीव की प्राण, पण दारात आलेल्याला ओंजळभर बी मिळायचंच. अट एकच, पीक आलं की दोन ओंजळी परत. लिहिता-वाचता येत नव्हतं. ओंजळ बाहेर गेली की बियाण्याच्या मडक्याच्या गळ्यात दोरा बांधायची, परत आली की सोडायची. आणि मडकं कधी रिकामं करायची नाही, मागणारा राजा असला तरी!

आई गेली त्याच आठवड्यात संशोधन केंद्रातला दाढीवाला आला. "ताई, थोडं बी मिळेल?" शिवणवालीचं डोकं तेव्हा पार बधिर झालेलं. या बयेनं अख्खं मडकं त्याच्या पिशवीत ओतलं! दोरा तेवढा सवयीनं बांधला. शुद्धीवर येऊन पाहते तो घरात एक दाणा नाही, आणि गल्लीनं तर कधीचीच बाजारच्या बियाण्याची पाकिटं धरलेली.

दाढीवाला पुन्हा फिरकला नाही.

पाच वर्षांनी त्याच केंद्राच्या कचेरीचं पत्र आलं. काळ्या घेवड्याचं मूळ कुजत नाही. तो गुण घेऊन एका कंपनीनं नवं वाण काढलं होतं, म्हणून बी जपणाऱ्यांना लाभाचा वाटा मिळणार होता. तिला वाटा एकच हवा होता, आईचं बी. ती मडकं घेऊन निघाली.

"मडकं कशाला? लोक हसतील," नवरा म्हणाला.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?"

कचेरीतल्या अधिकारीबाई भल्या होत्या. आधी चहा मागवला, मग काचेत घातलेलं मानपत्र दिलं. त्यात बी देणाऱ्याच्या नावाच्या जागी 'एक स्थानिक वृद्ध महिला' असं होतं. सोबत नव्या वाणाचं खोकं. त्यावर छापलं होतं, पुढच्या हंगामासाठी यातलं बी धरू नये.

"हे राहू द्या. आमचं जुनं आहे का?"

बाई शीतखोलीत जाऊन एक चिमुकली पुडी घेऊन आल्या. "नियमानं एका अर्जदाराला दहा बिया. पीक आलं की वीस परत करायच्या. इथे सही करा."

"पण बाई, हे आमच्याच घरचं बी."

"हो ना, म्हणून तर अर्ज एका दिवसात मंजूर केला!"

बाईंना खरंच आनंद झाला होता. शिवणवालीला राग यायला हवा होता. निदान रडू तरी. आतून काहीच आलं नाही. तिनं सही केली, गार झालेला चहा प्यायली आणि घरी आली.

दहा बिया मडक्यात टाकल्या, तळाशी खडखडल्या. गळ्यातला दाढीवाल्याचा दोरा विटून पांढरा पडला होता. तिनं मशीनवरच्या रिळाचा काळा दोरा तोडला आणि जुन्याच्या खाली बांधायला घेतला.

"अगं, बी परत आलं ना? मग तो जुना सोडायचा सोडून हे काय?" नवऱ्यानं विचारलं.

"तो त्यांचा. अजून फिटायचाय." तिनं गाठ ओढून घट्ट केली. "हा आपला."

मग मशीनवर बसून तिनं शेजारणीच्या झंपराची उरलेली बाही जोडायला घेतली.