कानांची परीक्षा

यंत्रमागांच्या खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाचं कानांवाचून काही अडत नाही. तिथल्या धडधडाटात सगळे एकमेकांचे ओठ पाहूनच बोलतात. बाबा त्यात इतके तरबेज झाले होते, की आई म्हणायची, "यांच्यासमोर कुजबुजायची सोय नाही. पाठ फिरवून मात्र खुशाल शिव्या घाला."

कान कामामुळेच गेले, हे सिद्ध झालं तर भरपाई मिळणार होती आणि कानाची दोन चांगली यंत्रंही. दाव्याची सगळी धावपळ थोरल्या लेकीनं केली. खात्यातल्या गोंगाटाचे अहवाल मिळवले, जुन्या सोबत्यांचे जबाब लिहून घेतले. बाबांनी फक्त तपासणीला यायचं होतं.

ते गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आले. काचेच्या खोलीत त्यांना हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की हात वर करायचा. बाहेर बसलेली तपासणीवाली मुलगी एकेक बटण दाबत होती, आणि तिचा खांदा जरा हलला की बाबांचा हात वर! एकदाही चुकले नाहीत. परीक्षा म्हटल्यावर नापास कसं व्हायचं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मध्येच त्यांनी काचेतून लेकीकडे बघून डोळे मिचकावले. तिला हसू आवरेना.

मग डॉक्टर समोर येऊन बसले. "काका, घरी ऐकण्याचा काही त्रास?"

"आहे ना. बायकोचं सगळं ऐकू येतं."

डॉक्टर खो खो हसले आणि लिहू लागले. 'एकदा तोंडावर कागद धरून विचारा,' एवढंच लेकीला म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण बाबा कधी नव्हे इतके खुशीत होते. परक्यांदेखत त्यांना बहिरं ठरवणं तिच्या जिवावर आलं.

महिन्याभरानं दावा फेटाळला गेला. फेरतपासणीचं नाव काढताच बाबा म्हणाले, "पास झालेल्याला पुन्हा परीक्षेला बसवतेस होय गं?" तिनंही मग फार ताणलं नाही. यंत्रं राहूनच गेली.

तीन वर्षांनी, शेवटचे आठ दिवस बाबा इस्पितळात होते. "बोला त्यांच्याशी," नर्स म्हणाली, "शेवटपर्यंत ऐकू येत असतं."

बाबांचे डोळे मिटलेले होते. त्या दिवशी आपण बोलायला हवं होतं, चुकलंच आपलं, हे ती उशाशी वाकून सांगत राहिली. आणि मधूनमधून थांबून, पापण्या उघडतायत का, ते पाहत राहिली.